नावडते अपत्य : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि ‘द ब्लॅक ॲरो’

कुमारांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक साहसकथेकडे वाङ्मयसमीक्षेने बहुधा सवलतीच्या दृष्टीनेच पाहिले आहे. कथानकाची गती, प्रसंगांची रेलचेल आणि शेवटचा विजय एवढ्यावर या प्रकाराचे मूल्य संपते, अशी एक समजूत दृढ झालेली दिसते. या समजुतीला खुद्द लेखकांनीही कधी कधी हातभार लावला आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘द ब्लॅक ॲरो’ ही कादंबरी या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरते. पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या पार्श्वभूमीवर लिहिलेली ही कथा मूळ बालवाचकांनी उचलून धरली, पत्नीने वाचण्याचे टाळले आणि लेखकाने स्वतः तिची थट्टा केली. एकाच कृतीसंबंधी असे तीन परस्परविरोधी अभिप्राय का निर्माण झाले, हे समजून घेण्यासाठी स्टीव्हन्सनच्या चरित्राचाच मागोवा घ्यावा लागतो.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरो येथे झाला. त्याचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे होते. आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी उभारलेल्या बेल रॉक दीपगृहाचा दिवा १८११ मध्ये प्रथम उजळला. वडील टॉमस यांनी हाच व्यवसाय पुढे चालविला. आई मार्गारेट बाल्फोर ही एका धर्मोपदेशकाची कन्या होती. आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य जन्मापासूनच नाजूक प्रकृतीचे होते. छातीच्या विकाराने त्याच्या बालपणातील कितीतरी रात्री खोकल्यात आणि जागरणात गेल्या. अशा रात्री ॲलिसन कनिंगहॅम ही त्याची दाई त्याच्या उशाशी बसून बायबलमधील कथा आणि सतराव्या शतकातील स्कॉटिश धर्मवीरांच्या छळाच्या हकिकती सांगत असे. इतिहास त्याच्याकडे प्रथम आला तो पुस्तकातून नव्हे, तर अंधाऱ्या खोलीत ऐकलेल्या आवाजातून. भय, श्रद्धा आणि साहस यांचे मिश्रण असलेला तो इतिहास होता. १८८५ मधील आपला बालकवितासंग्रह त्याने याच दाईला अर्पण केला.

त्याच्या लेखनाचा आरंभही इतिहासानेच झाला, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. १६६६ च्या पेंटलंड उठावाला दोनशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १८६६ मध्ये, सोळा वर्षांच्या स्टीव्हन्सनने त्या उठावावर एक छोटी पुस्तिका लिहिली. वडिलांनी ती स्वखर्चाने छापून घेतली. मुळात हा विषय त्याने कादंबरीच्या रूपात मांडावयास घेतला होता. परंतु वडिलांना ते रुचले नाही आणि पुस्तिकेला शुष्क इतिवृत्ताचे रूप आले. कल्पनेने इतिहासात प्रवेश करणे हे थोर विषयाला कमीपणा आणणारे आहे, असा संकेत त्याला लेखनाच्या उंबरठ्यावरच मिळाला. पुढील आयुष्यात कथेविषयीची अनावर ओढ आणि त्या ओढीविषयीचा संकोच या दोन्ही गोष्टी त्याच्या ठिकाणी एकत्र नांदताना दिसतात. त्यांचे एक मूळ येथे शोधणे वावगे ठरणार नाही.

१८६७ मध्ये त्याने एडिंबरो विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी नाव घातले. १८७१ मध्ये दीपगृहाच्या लुकलुकत्या प्रकाशासंबंधीच्या त्याच्या निबंधाला रौप्यपदकही मिळाले. तथापि त्याच वर्षी आपल्याला लेखक व्हावयाचे आहे, असे त्याने वडिलांना सांगितले. तडजोड म्हणून कायद्याचा अभ्यास ठरला. १८७५ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली. पण वकिली अशी त्याने केलीच नाही. दरम्यान १८७३ मध्ये धर्मश्रद्धेच्या प्रश्नावरून पितापुत्रांत तीव्र बेबनाव झाला. एकमेकांवर अतिशय प्रेम असलेल्या दोन माणसांमधील हा दुरावा दोघांनाही जाचत राहिला. ज्याच्या छत्राखाली आपण वाढलो त्याच्याच सत्तेविषयी शंका घेण्याची वेळ तरुणावर यावी, हे सूत्र त्याच्या कादंबऱ्यांत वारंवार येते, त्यामागे हा अनुभव असावा.

याच काळात मध्ययुगाशी त्याचा संबंध जडला. तो एखाद्या बालकथाकाराचा वरवरचा संबंध नव्हता, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. १८७६ मध्ये त्याने ड्यूक चार्ल्स ऑफ ऑर्लेआँ या फ्रेंच राजकवीवर निबंध लिहिला. १४१५ च्या आझँकूरच्या लढाईत पकडला गेल्यानंतर हा कवी पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये कैदेत होता. १८७७ मध्ये पॅरिसचा भणंग कवी फ्राँस्वा व्हियाँ याच्यावर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी व्हियाँला मध्यवर्ती ठेवून ‘अ लॉजिंग फॉर द नाइट’ ही कथा त्याने लिहिली. तिच्यात १४५६ च्या हिवाळ्यातील बर्फाने झाकलेले पॅरिस आणि त्यातील खून, चोरी व भूक यांचे चित्र आहे. १८७८ मधील ‘द सीर द मालेत्र्वाज डोअर’ ही कथा १४२९ मध्ये घडते. या लेखनातील पंधरावे शतक शिरस्त्राणांच्या झगमगाटाचे नाही. थंडी, दारिद्र्य आणि अनिश्चित निष्ठा यांचे आहे. ‘द ब्लॅक ॲरो’ ची भूमी अशा रीतीने पाचसहा वर्षे आधीच नांगरली गेली होती.

१८७६ मध्ये फ्रान्समधील ग्रे या चित्रकारांच्या गावी त्याची फॅनी ऑझबर्न हिच्याशी भेट झाली. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, पतीपासून दुरावलेली आणि दोन मुलांची आई होती. ती कॅलिफोर्नियात परतल्यावर १८७९ मध्ये स्टीव्हन्सन घरच्यांना न विचारता स्वस्त प्रवासाची हालअपेष्टा सोसत तिच्यामागे अमेरिकेस गेला. या प्रवासाने त्याची प्रकृती मृत्यूच्या दारापर्यंत खालावली. १९ मे १८८० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दोघांचा विवाह झाला. त्यानंतर फॅनी ही त्याची शुश्रूषा करणारी, त्याचे लेखन प्रथम वाचणारी आणि त्यावर निःसंकोच अभिप्राय देणारी व्यक्ती झाली. तिच्या पसंतीला त्याच्या लेखी फार मोल होते.

१८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात ब्रेमार येथे सावत्र मुलगा लॉइड याच्या करमणुकीसाठी काढलेल्या एका बेटाच्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ चा जन्म झाला. वडील टॉमस या वेळी स्वतः कथेत रमले आणि तपशील सुचवू लागले. पंधरा वर्षांपूर्वी मुलाची कादंबरी थांबविणाऱ्या पित्याचे हे रूप लक्षणीय आहे. ही कथा जेम्स हेंडरसन यांच्या ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ ते जानेवारी १८८२ या काळात ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या टोपणनावाने क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे जगभर गाजलेल्या या कथेने त्या साप्ताहिकाच्या वाचकांवर मात्र फारशी छाप पाडली नाही. त्याच साप्ताहिकात लिहिणाऱ्या आल्फ्रेड फिलिप्स या लेखकाच्या कथा मुलांना अधिक आवडत होत्या.

१८८३ साली स्टीव्हन्सन दांपत्य दक्षिण फ्रान्समधील इयेर येथे ‘ला सॉलिट्यूड’ नावाच्या लहानशा घरात राहत होते. स्टीव्हन्सनने पुढे हा काळ आपल्या आयुष्यातील सुखाचा काळ मानला. परंतु पैशाची ओढाताण संपली नव्हती. तिशी ओलांडल्यावरही वडिलांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागत असल्याचे शल्य त्याच्या मनात होते. मे १८८३ मध्ये ‘ट्रेझर आयलंड’ पुस्तकरूपाने काढण्यासाठी कॅसल या प्रकाशनसंस्थेने १०० पौंड देऊ केले. त्याच सुमारास ‘यंग फोक्स’ साठी नवी कथा लिहिण्याचे काम त्याने हाती घेतले. ‘द ब्लॅक ॲरो’ ३० जून ते २० ऑक्टोबर १८८३ या काळात सतरा हप्त्यांत, पुन्हा ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या नावानेच, प्रसिद्ध झाली. आठवड्याच्या मुदतीचा तगादा पाठीशी घेऊन झालेले हे लेखन होते. मित्र हेन्ली याला लिहिताना जुन्या इंग्रजीतील ‘टश’ या उद्गारापासून तयार केलेला एक शब्द वापरून त्याने या प्रकाराची टवाळी केली. स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ नंतर रूढ झालेली जुनाट, कृत्रिम संवादांची ऐतिहासिक शैली असा त्या शब्दाचा रोख होता. आपण विकाऊ माल तयार करीत आहोत, ही जाणीव त्यामागे स्पष्ट आहे.

प्रत्यक्ष कादंबरी पाहिली असता मात्र ही टवाळी अपुरी वाटू लागते. लँकेस्टर आणि यॉर्क या राजघराण्यांतील संघर्षाचा, १४६० ते १४६१ च्या सुमाराचा काळ तिच्यात आहे. रिचर्ड ऊर्फ डिक शेल्टन हा पोरका तरुण सर डॅनियल ब्रॅकली या सरदाराच्या पालकत्वाखाली वाढतो आहे. ज्या पक्षाची सरशी होईल त्या पक्षाला जाऊन मिळणे आणि अनाथ वारसांच्या जमिनी व विवाह यांतून पैसा काढणे हा सर डॅनियलचा व्यवसाय आहे. त्याच्या अन्यायाने देशोधडीला लागलेली माणसे टनस्टॉलच्या अरण्यात टोळी करून राहतात आणि चार अपराध्यांसाठी चार काळे बाण राखून ठेवतात. आपल्या पित्याच्या हत्येत पालकाचाच हात होता, हे डिकला हळूहळू उमगते. पुरुषवेषात पळणारी जोआना सेडली, अरण्यातून घंटा वाजवीत येणारा आंधळा महारोगी, खंदकाने वेढलेला वाडा, बर्फात लढली जाणारी शोरबीची लढाई असे प्रसंग वेगाने एकामागून एक येतात.

या सामग्रीमागील इतिहासज्ञान भक्कम आहे. पंधराव्या शतकातील नॉर्फकच्या पॅस्टन घराण्याचा पत्रव्यवहार जेम्स गेर्डनर यांनी १८७२ ते १८७५ या काळात नव्याने संपादित केला होता. स्टीव्हन्सनने त्याचा उपयोग केला. जमिनीवरील दावे, शेजाऱ्याच्या वाड्यावर केलेले हल्ले, वारसांच्या विवाहांचे सौदे आणि बदलत्या राजनिष्ठा यांनी ही पत्रे भरलेली आहेत. सर डॅनियल हे पात्र या जगातून सहज उभे राहते. टोळीच्या पुढाऱ्याने धारण केलेले ‘जॉन अमेंड-ऑल’ हे नावही १४५० मधील जॅक केडच्या बंडाशी निगडित आहे. राजघराण्यांच्या यादवीत सामान्य माणसाला कोणता राजा येतो यापेक्षा आपले शेत कोण बळकावतो हा प्रश्न अधिक जवळचा असतो, ही जाण या कथेत आहे. पुढे जी. एम. ट्रेव्हेलियन या इतिहासकाराने, गतकाळातील समाजस्थिती खऱ्या अर्थाने उभी करणारी कृती म्हणून या कादंबरीची प्रशंसा केली, ती याच कारणाने.

तथापि कादंबरीचे खरे सामर्थ्य इतिहासाच्या तपशिलात नसून नायकाच्या नैतिक शिक्षणात आहे. जोआनाची सुटका करण्यासाठी डिक आणि त्याचे सोबती आर्ब्लास्टर नावाच्या वृद्ध नाखव्याला फसवून त्याचे ‘गुड होप’ हे जहाज पळवितात. नेहमीच्या साहसकथेत हा चातुर्याचा प्रसंग म्हणून शोभून गेला असता. येथे हल्ला फसतो, जहाज वादळात फुटते आणि नाखवा आयुष्यातून उठतो. लढाईनंतर हाच आर्ब्लास्टर कैदी म्हणून मृत्यूच्या दारात उभा असताना डिक त्याच्या प्राणांची भीक मागतो. त्यासाठी तो आपल्या उत्कर्षाची संधी गमावतो. परंतु म्हाताऱ्याच्या मनात कृतज्ञता नाही. गेलेले जहाज परत येणार नाही, एवढेच त्याला कळते. केलेल्या कृत्याची भरपाई करता येत नाही, हे सत्य बालवाचकासमोर इतक्या कठोरपणे मांडणारी साहसकथा त्या काळात दुर्मिळच होती.

पुढे तिसरा रिचर्ड म्हणून राजा झालेल्या ग्लॉस्टरच्या व्यक्तिरेखेतही हेच धैर्य आहे. ऐतिहासिक रिचर्डचा जन्म १४५२ चा. म्हणजे कथाकाळी तो जेमतेम आठ वर्षांचा असावयास हवा. ही विसंगती स्टीव्हन्सनने तळटीपांत स्वतःच कबूल केली आहे. त्याला हवा होता तो नायकाच्याच वयाचा, त्याच्याच नावाचा, शूर, तीक्ष्ण बुद्धीचा आणि निर्दय असा पुरुष. डिक त्याचे प्राण वाचवितो, त्याच्याकडून सरदारकी मिळवितो, त्याच्या पराक्रमाने भारावतो आणि अखेरीस त्याच्यापासून दूर होतो. यशाचा आदर्श समोर दिसत असताना तो नाकारणारा नायक येथे आहे. रिचर्डच्या शारीरिक व्यंगाचे चित्रण मात्र ट्यूडर काळातील परंपरेला धरून आहे. २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेला सांगाडा २०१३ मध्ये रिचर्डचा म्हणून निश्चित झाला. त्यावरून त्याच्या कण्याला बाक होता, परंतु परंपरेने रंगविलेले विद्रूप रूप अतिरंजित होते, हे सिद्ध झाले. शरीराच्या व्यंगात मनाचे व्यंग पाहण्याची ती सवय स्टीव्हन्सनलाही सुटली नाही, ही या कादंबरीची मर्यादा मान्य केली पाहिजे. संवादांचा जुनाट साज अनेक ठिकाणी अडखळविणारा आहे, हेही खरे.

‘यंग फोक्स’ च्या वाचकांचा कौल निःसंदिग्ध होता. ‘ट्रेझर आयलंड’ कडे थंडपणे पाहणाऱ्या या मुलांना ‘द ब्लॅक ॲरो’ मनापासून आवडली आणि फिलिप्स यांच्यावरही या वेळी स्टीव्हन्सनने मात केली. यामागे प्रकाशनाच्या स्वरूपाचाही वाटा असावा. ‘ट्रेझर आयलंड’ सलग वाचताना तिच्या रचनेचा प्रभाव पडतो. ‘द ब्लॅक ॲरो’ मध्ये मात्र प्रत्येक बाण हा पुढील हप्त्यासाठी दिलेले वचन आहे. चारांपैकी किती उरले, याची मोजणी वाचक आठवड्यामागून आठवडा करीत राहतो. साप्ताहिकाच्या वाचकाची ही गरज स्टीव्हन्सनने अचूक ओळखली होती. जे त्याला बाजारू वाटले, तेच त्या माध्यमाचे रचनाशास्त्र होते.

कादंबरी या प्रकाराविषयीची त्याची भूमिका याच सुमारास आकारत होती. १८८२ मध्ये अद्भुतरम्य कथेवरील निबंधात त्याने प्रसंगाचे महत्त्व प्रतिपादन केले होते. १८८४ मध्ये हेन्री जेम्सच्या कादंबरीविषयक निबंधाला उत्तर देताना, कला जीवनाशी स्पर्धा करीत नाही, ती निवड करते आणि सुलभीकरण करते, असा मुद्दा त्याने मांडला. बालपणी खेळलेली साहसे हाही अनुभवच होय, असे त्याचे म्हणणे होते. सिद्धान्ताच्या पातळीवर साहसकथेचा असा समर्थ कैवार घेणारा लेखक स्वतःच्या साहसकथेविषयी मात्र ओशाळतो, ही विसंगती वाङ्मयीन प्रतिष्ठेच्या तत्कालीन कल्पनांवर प्रकाश टाकते.

१८८६ मध्ये ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ आणि ‘किडनॅप्ड’ या कृतींनी त्याची कीर्ती दृढ झाली. ‘किडनॅप्ड’ ही ‘यंग फोक्स’ मध्येच, पण या वेळी खऱ्या नावाने आली. मे १८८७ मध्ये वडिलांचा मृत्यू झाला आणि ऑगस्टमध्ये स्टीव्हन्सनने ब्रिटन सोडले. हिवाळा त्याने न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक येथे काढला. तेथेच मॅक्ल्युअर यांच्या वृत्तपत्रीय वितरणसंस्थेमुळे आणि स्क्रिब्नर या प्रकाशनामुळे ‘द ब्लॅक ॲरो’ पाच वर्षांच्या अज्ञातवासातून बाहेर आली. एप्रिल १८८८ मध्ये लिहिलेली तिची अर्पणपत्रिका फॅनीच्या नावे आहे. ही कथा पत्नीने वाचण्याचे नाकारले, ही गोष्ट त्याने तिच्यात थट्टेच्या सुरात सांगितली आणि मुलांच्या कौलाचाही आठवणीने उल्लेख केला. न आवडलेले पुस्तक जिला आवडले नाही तिलाच अर्पण करण्यात लाडिकपणा आहे. पण त्या मुलांची साक्ष काढण्याची गरज त्याला भासली, हेही नजरेआड करता येत नाही. हेन्लीशी असलेल्या जुन्या मैत्रीत याच वसंतात कायमची तेढ आली. १८८८ च्या उन्हाळ्यात पुस्तक अमेरिकेत व इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी स्टीव्हन्सन ‘कॅस्को’ या नौकेतून पॅसिफिकच्या मार्गाला लागला होता. तो ब्रिटनला पुन्हा कधी परतला नाही.

डिसेंबर १८८९ मध्ये तो सामोआला पोहोचला आणि पुढे व्हायलिमा येथे घर बांधून स्थायिक झाला. तेथील लोक त्याला ‘टुसिटाला’ म्हणजे कथा सांगणारा या नावाने ओळखीत. सामोआतील यादवी आणि तीत परकीय सत्तांनी घातलेला गोंधळ यांवर त्याने १८९२ मध्ये पुस्तक लिहिले. सत्तेच्या खेळात सापडलेल्या सामान्यांचा प्रश्न आता त्याच्यासमोर प्रत्यक्ष उभा होता. ३ डिसेंबर १८९४ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. सामोअन लोकांनी रान तोडून वाट काढली आणि त्याला व्हाया पर्वताच्या माथ्यावर दफन केले.

मृत्यूनंतर काही दशके समीक्षेने स्टीव्हन्सनला बालवाचकांच्या दालनात ढकलले आणि त्या दालनातही ‘द ब्लॅक ॲरो’ ला मागची जागा दिली. वाचकांनी मात्र तिला सोडले नाही. १९१६ मध्ये एन. सी. वायथ यांच्या चित्रांसह तिची आवृत्ती निघाली. जॉन गॉल्सवर्दीसारख्या कादंबरीकाराला तिच्यातील मध्ययुगाचे चित्र असाधारण जिवंत वाटले. लेखकाचा स्वतःच्या कृतीविषयीचा अभिप्राय हा चरित्राचा महत्त्वाचा पुरावा असतो. मूल्यमापनाचा तो अखेरचा निकष ठरत नाही, हे यावरून दिसते. संकोच, गरज आणि घाई यांतून लिहिलेल्या या कथेत पालकाच्या सत्तेविषयीची शंका, यादवीतील निष्ठांचा फोलपणा आणि अपराधाची न फिटणारी भरपाई हे स्टीव्हन्सनचे जिव्हाळ्याचे विषय उतरले आहेत. वाङ्मयाच्या इतिहासात कुमारांच्या ऐतिहासिक कादंबरीचे स्थान ठरविताना तिच्या पहिल्या वाचकांचा कौलही विचारात घेणे म्हणूनच आवश्यक आहे.